दोन इंजिनांतून एक: घरच्या वर्कशॉपमध्ये संकरित टू-स्ट्रोक इंजिन कसे बांधावे

एका इंजिनाचा क्रँककेस आणि गिअरबॉक्स, दुसऱ्याचा सिलिंडर, प्रसंगी तिसऱ्याचा पिस्टन असे भाग जुळवून बांधलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाला या लेखात संकरित इंजिन म्हटले आहे. बॅटरी आणि विद्युत मोटारीचा येथे संबंध नाही. ज्यांनी निदान एक टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण खोलून, स्वच्छ करून पुन्हा जोडले आहे आणि ते चालवून पाहिले आहे, अशा नवशिक्यांसाठी हा लेख आहे. ज्यांनी अजून तेवढेही केलेले नाही, त्यांनी आधी एखादे साधे इंजिन जसेच्या तसे खोलून जोडावे, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत मूळ इंजिन कसे असते याची जाण गृहीत धरलेली आहे.

या कामातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घेतली पाहिजे. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो, तर टू-स्ट्रोकमध्ये ते काम पिस्टनची वरची कड करते: सिलिंडरच्या भिंतीत कापलेले पोर्ट पिस्टन खाली जाताना उघडतो आणि वर येताना झाकतो. म्हणून एका इंजिनाचा सिलिंडर दुसऱ्या क्रँककेसवर बसवला की त्याच क्षणी पोर्टची वेळ बदलते. सिलिंडर बोल्टमध्ये चपखल बसला म्हणजे इंजिन जमले असे नव्हे. क्रँकच्या केंद्रापासून सिलिंडरच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची, रॉडची लांबी आणि पिस्टनची पिनपासूनची उंची ही तीन मापे मिळून इंजिनाचा स्वभाव ठरवतात, आणि ती कागदावर जुळेपर्यंत कोणत्याही भागाला कानससुद्धा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधने आणि सुरक्षितता

घरच्या वर्कशॉपमध्ये लेथ किंवा मिलिंग मशीन नसले तरी चालते. बोअर करणे, पृष्ठभाग सपाट करणे, क्रँक दाबून जोडणे आणि अॅल्युमिनियमचे आर्गॉन वेल्डिंग ही कामे बाहेर चांगल्या मशीन शॉपमधून करून घेता येतात. मोजण्याची साधने मात्र स्वतःचीच हवीत: व्हर्निअर कॅलिपर, मायक्रोमीटर, बोअर गेज, चुंबकी स्टँडसह डायल गेज, फिलर गेज, टॉर्क रेंच, क्रँकवर बसवायची ३६० अंशांची चकती आणि द्रव मोजण्यासाठी ब्युरेट. हाताशी असलेला पैसा मर्यादित असेल तर तो आधी या साधनांवर खर्च करावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असताना पेट्रोलचा डबा त्या खोलीत ठेवू नये. इंजिन बंद खोलीत कधीही चालवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काही जुन्या इंजिनांचे क्रँककेस किंवा कव्हर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. त्याचा बारीक कीस ठिणगीने पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकल्यास आग वाढते. धातू कोणता याची शंका असेल तर घासून स्वच्छ केलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा: मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, अॅल्युमिनियमवर तसे होत नाही. अशा भागावर काम करताना जवळ कोरडी वाळू ठेवावी. याशिवाय, बदललेले इंजिन रस्त्यावरच्या वाहनात बसवायचे असेल तर बहुतेक ठिकाणी नोंदणी आणि धुराच्या नियमांनुसार परवानगी लागते. ती मिळते की नाही हे भाग विकत घेण्याआधीच पाहून ठेवावे.

भागांची निवड

क्रँककेस आणि सिलिंडर यांची क्षमता एकमेकांच्या जवळपासची असावी. क्षमतेचे गणित सोपे आहे: बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक (पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास), दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये धरून. ५४ मिलिमीटर बोअर आणि ५४ मिलिमीटर स्ट्रोक असेल तर सुमारे १२३.७ सीसी होतात. या लेखातली सर्व उदाहरणे याच मापांची आहेत आणि रॉडची लांबी, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या केंद्रांमधले अंतर, ११० मिलिमीटर धरली आहे.

क्रँककेस निवडताना त्याच्या गिअरबॉक्सची आणि क्लचची ताकद पाहावी, कारण नवा सिलिंडर दुप्पट शक्ती देणारा असेल तर सर्वांत आधी क्लच घसरेल आणि मग गिअरचे दात जातील. सिलिंडर निवडताना त्याचा आतला थर कशाचा आहे हे पाहावे. ओतीव लोखंडाचा लाइनर असेल तर तो मोठ्या मापाला बोअर करता येतो आणि पोर्टवर कानस चालते. निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असलेला सिलिंडर हलका असतो आणि उष्णता लवकर सोडतो, पण तो नेहमीच्या पद्धतीने बोअर करता येत नाही आणि पोर्टच्या कडेला कानस लागली की थराचा पापुद्रा निघण्याची भीती असते. पहिल्या कामासाठी लोखंडी लाइनरच घ्यावा. पाण्याने थंड होणारा सिलिंडर घेत असाल तर पाण्याची वाट सिलिंडरच्याच अंगावर आहे याची खात्री करून घ्यावी. काही सिलिंडरांना पाणी क्रँककेसच्या पृष्ठभागातून येते, आणि ती वाट नव्या क्रँककेसमध्ये तयार करणे नवशिक्याच्या आवाक्यातले नाही.

सिलिंडरच्या पायथ्याची गोल नळी क्रँककेसच्या तोंडात शिरते की नाही, स्टडची भोके कितपत जुळतात आणि पिस्टन पिनचा व्यास रॉडच्या वरच्या डोळ्यातल्या सुई-बेअरिंगला बसतो का, या तीन गोष्टी भाग हातात असतानाच तपासता येतात. स्टड जुळत नसतील तर क्रँककेसमधली जुनी भोके वेल्डिंगने किंवा आट्याच्या बुचाने बंद करून नवी पाडता येतात, मात्र नव्या भोकाभोवती पुरेशी धातू शिल्लक राहिली पाहिजे आणि जुन्या-नव्या भोकांचे आटे एकमेकांत शिरता कामा नयेत.

उंचीचा हिशेब

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून ती सावकाश करावी. पिस्टन सर्वांत वर असताना, म्हणजे टीडीसीला, त्याच्या वरच्या कडेची क्रँकच्या केंद्रापासूनची उंची म्हणजे अर्धा स्ट्रोक, अधिक रॉडची लांबी, अधिक पिनच्या केंद्रापासून पिस्टनच्या कडेपर्यंतचे अंतर. हे शेवटचे अंतर ३० मिलिमीटर असेल तर बेरीज २७ अधिक ११० अधिक ३०, म्हणजे १६७ मिलिमीटर होते. पिस्टनचा माथा घुमटाकार असेल तर घुमटाच्या टोकापासून नव्हे, कडेपासून मोजावे.

आता दुसरी बाजू घ्या. क्रँकच्या केंद्रापासून क्रँककेसच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत समजा ७८ मिलिमीटर आहेत, पायथ्याचे पॅकिंग दाबल्यावर ०.५ मिलिमीटर राहते आणि सिलिंडरची पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची ८४ मिलिमीटर आहे. बेरीज १६२.५ येते. म्हणजे हा पिस्टन सिलिंडरच्या माथ्यातून ४.५ मिलिमीटर वर येईल आणि पहिल्याच फेरीत हेडवर आदळेल. उपाय म्हणून सिलिंडरखाली अॅल्युमिनियमची सपाट प्लेट घालावी लागते. प्लेटच्या खाली आणि वर अशी दोन पॅकिंग लागतात हे नवशिके हमखास विसरतात. इथे ४ मिलिमीटरची प्लेट आणि आणखी एक ०.५ मिलिमीटरचे पॅकिंग धरले की बरोबर १६७ होतात, आणि टीडीसीला पिस्टनची कड सिलिंडरच्या माथ्याशी समपातळीत येते.

क्रँकच्या केंद्रापासून उंची मोजण्यासाठी क्रँककेसचे दोन्ही अर्धे जोडून मुख्य बेअरिंगच्या जागी अचूक व्यासाचा दांडा घालावा, दांड्याच्या वरच्या पृष्ठभागापासून क्रँककेसच्या तोंडाच्या पातळीपर्यंत मोजावे आणि दांड्याचा अर्धा व्यास मिळवावा. हे माप तोंडाच्या चारही बाजूंनी घ्यावे. चार आकडे सारखे आले नाहीत तर तोंड तिरके आहे आणि ते आधी मशीनवर सपाट करून घेतले पाहिजे.

पिस्टन सर्वांत खाली, म्हणजे बीडीसीला असतानाही एक तपासणी करावी लागते. त्या वेळी पिनचे केंद्र क्रँकच्या केंद्रापासून ११० वजा २७, म्हणजे ८३ मिलिमीटरवर असते. पिस्टनचा घेर, म्हणजे पिनखालची नळीसारखी बाजू (स्कर्ट), पिनखाली आणखी ३० मिलिमीटर उतरत असेल तर त्याची खालची कड ५३ मिलिमीटरवर येईल. क्रँकच्या तबकड्यांची त्रिज्या ५० मिलिमीटर असेल तर ३ मिलिमीटर जागा उरते आणि ती पुरेशी आहे. जागा दीड मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर दुसरा पिस्टन शोधावा. तसेच टीडीसीला पिस्टनचा घेर एक्झॉस्ट पोर्टच्या खालच्या कडेपेक्षाही खालपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर पिस्टनखालून एक्झॉस्ट आणि क्रँककेस यांची थेट वाट उघडते आणि क्रँककेसमध्ये ओढले जाणारे ताजे मिश्रण धुराने बिघडते.

पोर्टच्या वेळा

उंची जुळली की पोर्ट किती अंशांवर उघडतात हे काढावे. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती आणि शेजारी तारेचा काटा बसवावा. टीडीसी नुसत्या नजरेने किंवा डायल गेजच्या सर्वोच्च आकड्याने ठरवू नये, कारण तिथे क्रँक दोन-तीन अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. त्याऐवजी प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा बोल्ट बसवावा, क्रँक एका दिशेने पिस्टन अडेपर्यंत फिरवून आकडा टिपावा, मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरा आकडा टिपावा. दोहोंच्या बरोबर मध्ये टीडीसी असते. बोल्ट काढायला विसरू नये आणि क्रँक फिरवताना जोर लावू नये.

आपल्या उदाहरणात क्रँक टीडीसीनंतर ९० अंश फिरला की पिस्टन ३०.४ मिलिमीटर खाली आलेला असतो, म्हणजे स्ट्रोकच्या निम्म्याहून थोडा जास्त, कारण रॉड तिरका झालेला असतो. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड सिलिंडरच्या माथ्यापासून एवढीच खाली असेल तर पोर्ट ९० अंशांवर उघडतो आणि एकूण १८० अंश उघडा राहतो. ट्रान्सफर पोर्टची, म्हणजे क्रँककेसमधले ताजे मिश्रण सिलिंडरात आणणाऱ्या पोर्टची, वरची कड ४२.३ मिलिमीटरवर असेल तर तो ११८ अंशांवर उघडतो आणि १२४ अंश उघडा राहतो. दोन्ही उघडण्यांमधल्या २८ अंशांत जळालेल्या वायूचा दाब एक्झॉस्टमधून निघून गेला पाहिजे, तरच ट्रान्सफर उघडल्यावर ताजे मिश्रण वर येऊ शकते. रस्त्यावर सर्व वेगांना बरे चालणाऱ्या इंजिनासाठी अशा वेळा योग्य आहेत. एक्झॉस्ट १९० अंशांच्या पुढे गेला की कमी वेगातली ओढ जाते आणि इंजिन फक्त वरच्या वेगात जिवंत होते.

आता कोणी म्हणेल की प्लेट आणखी १ मिलिमीटरने जाड घेतली तर पोर्ट लवकर उघडतील आणि शक्ती वाढेल. हिशेब करून पाहा. एक्झॉस्ट १८० वरून सुमारे १८४ अंशांवर जातो, पण ट्रान्सफर १२४ वरून जवळजवळ १२९.५ वर जातो, कारण खाली येताना पिस्टनचा वेग कमी झालेला असतो आणि तिथे तेवढ्याच मिलिमीटरसाठी क्रँकला जास्त अंश फिरावे लागते. परिणामी मधले अंतर वाढण्याऐवजी २७.५ अंशांपर्यंत घटते. शिवाय पिस्टन माथ्यापासून १ मिलिमीटर खाली राहतो आणि ती उणीव सिलिंडरचा माथा किंवा हेड घासून भरून काढावी लागते. सिलिंडर उचलला की सर्व पोर्ट एकत्र उचलले जातात. एकच पोर्ट बदलायचा असेल तर त्याच पोर्टची कड कापावी लागते. कापलेली धातू परत लावता येत नाही, म्हणून आधी सिलिंडरच्या आत कागद गुंडाळून पोर्टचा ठसा घ्यावा, त्यावर नवी कड आखावी आणि आखलेल्या रेषेच्या अर्धा मिलिमीटर आतच थांबून पुन्हा मोजावे.

एक्झॉस्ट पोर्ट रुंद करण्याचा मोह सर्वांनाच होतो. मध्ये पूल नसलेला पोर्ट बोअरच्या सुमारे दोन-तृतीयांशापेक्षा रुंद झाला की रिंग पोर्टमध्ये फुगून अडकू लागते. कोणताही पोर्ट कापल्यावर त्याच्या सर्व कडा बारीक दगडाने गोल कराव्यात. बोट फिरवल्यावर धार लागली नाही पाहिजे.

रिंगची खीळ

दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन वापरताना सर्वांत जास्त इंजिने बिघडतात ती एका बारीक खिळीमुळे. टू-स्ट्रोक पिस्टनच्या खाचेत छोटी खीळ ठोकलेली असते आणि रिंगची दोन टोके तिच्यापाशी येतात, म्हणजे रिंग गोल फिरत नाही. मूळ सिलिंडरात ही टोके भरीव भिंतीवरून सरकतील अशी जागा निवडलेली असते, पण नव्या सिलिंडरात त्याच जागी एखादा पोर्ट असू शकतो. तसे झाले तर टोक पोर्टमध्ये डोकावते, कडेला अडकते आणि रिंग मोडते. म्हणून पिस्टनवर खिळीच्या सरळ रेषेत मार्करने खूण करावी, रिंग न घालता पिस्टन सिलिंडरात सरकवावा आणि ती रेषा कोणत्या पोर्टवरून जाते हे उजेड धरून पाहावे. भरीव पट्टीवर दोन्ही बाजूंना निदान २ मिलिमीटर जागा हवी. नसेल तर तो पिस्टन त्या सिलिंडरासाठी नाही असे समजावे.

रिंग सिलिंडरात सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. या बोअरला ०.२५ ते ०.४० मिलिमीटर चालते. पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळीक पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेली ठेवावी. ओतीव पिस्टनला ती साधारण ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर असते, तर घडीव पिस्टन जास्त फुगत असल्याने त्याला अधिक लागते. पिस्टन वरच्या बाजूला निमुळता आणि किंचित लंबगोल असतो, म्हणून त्याचे माप पिनच्या काटकोनात आणि त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवरच घ्यावे.

क्रँक आणि सील

जुना क्रँक वरून चांगला दिसला तरी रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग नवे घालावे. बहुतेक टू-स्ट्रोक क्रँक दाबून जोडलेले असतात. जोडल्यावर दोन्ही टोके एका रेषेत आहेत का हे बेअरिंगच्या जागी टेकू देऊन डायल गेजने पाहावे लागते. काट्याची एकूण हालचाल ०.०३ मिलिमीटरच्या आत असावी. हे काम अनुभवी माणसाकडून करून घ्यावे, पण मोजमाप आपण उभे राहून पाहावे. पिस्टनचे वजन मूळ पिस्टनपेक्षा बरेच वेगळे असेल तर क्रँकचा समतोल बिघडतो आणि हँडलपर्यंत कंप येतो, म्हणून पिस्टन, पिन, रिंग आणि क्लिप एकत्र तोलून मूळ संचाशी तुलना करावी.

मुख्य बेअरिंग बसवताना क्रँककेस सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत सारखा तापवावा आणि बेअरिंग आधी थंड करून ठेवावे. मग ते हाताच्या दाबाने जागेवर जाते. हातोडीने ठोकलेले बेअरिंग बसते, पण त्याच्या वाटीवर खड्डे पडतात. दोन्ही ऑइल सील नेहमी नवे घ्यावेत.

ट्रान्सफरच्या वाटा

सिलिंडरच्या खालच्या ट्रान्सफर वाटा आणि क्रँककेसमधल्या वाटा सहसा जुळत नाहीत. प्लेट, पॅकिंग आणि क्रँककेस यांवर सिलिंडरच्या वाटांचा आकार आखून तिघांत एकसारखा कापावा. धातू कमी पडते तिथे क्रँककेसला बाहेरून वेल्डिंगने भर द्यावा. सिलिंडरमधल्या वाटेचा वरचा भाग मात्र चुकूनही घासू नये. १९२० च्या दशकात अॅडॉल्फ श्नुर्ले यांनी जी रचना मांडली तिच्यात ट्रान्सफरचे झोत एक्झॉस्टपासून दूर, मागच्या भिंतीकडे वळवलेले असतात, तिथून ते वर चढतात आणि जळालेला वायू बाहेर ढकलतात. आजचे बहुतेक सिलिंडर त्याच तत्त्वावर चालतात. झोताचा कोन बदलला तर ताजे मिश्रण सरळ एक्झॉस्टमध्ये जाते.

हेड

टीडीसीला पिस्टनची कड आणि हेडची कड यांत सुमारे १ मिलिमीटर अंतर ठेवावे. ते मोजण्यासाठी दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या मऊ सोल्डर तारेचे दोन तुकडे पिनच्या रेषेत, पिस्टनच्या दोन्ही बाजूंना ग्रीसने चिकटवावेत, हेड पूर्ण टॉर्कने आवळावे, क्रँक हाताने एकदा फिरवावा आणि चपट्या झालेल्या तारेच्या टोकाची जाडी मोजावी. तार पिनच्या काटकोनात ठेवली तर पिस्टन डुलतो आणि माप खोटे येते. अंतर ०.८ च्या खाली गेल्यास जास्त वेगात पिस्टन हेडला टेकण्याचा धोका असतो. ते खूप वाढल्यास कडेचे मिश्रण नीट चिरडले जात नाही आणि ठोके येण्याची, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून पेटण्याची, प्रवृत्ती वाढते.

मग पिस्टन टीडीसीला ठेवून, कडेला ग्रीसची बारीक रेघ देऊन, प्लगच्या भोकातून ब्युरेटने पातळ तेल सोडावे आणि प्लगच्या आट्यांच्या तळापर्यंत किती सीसी मावले ते पाहावे. समजा १०.५ सीसी आले. एक्झॉस्ट बंद होईपर्यंत दाब तयार होत नाही, म्हणून त्याच्या वरचा ३०.४ मिलिमीटरचा भागच हिशेबात घ्यावा: तो ६९.६ सीसी आहे, आणि ६९.६ अधिक १०.५ भागिले १०.५ म्हणजे दाबाचे प्रमाण सुमारे ७.६ येते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला सुरुवातीला एवढे पुरे. हवेने थंड होणाऱ्याला ते ७ च्या आत ठेवावे.

हवेची गळती तपासणे

इंजिन जोडून झाल्यावर, कार्बोरेटर आणि सायलेन्सर बसवण्याआधी ही चाचणी करावीच. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी घट्ट बंद करावेत, एका बुचातून नळी आत घ्यावी आणि हातपंपाने सुमारे ०.४ बार, म्हणजे ६ पीएसआय दाब भरावा. पाच मिनिटांत काटा फारसा हलता कामा नये. हलला तर साबणाचे पाणी पायथ्याच्या पॅकिंगवर, प्लेटच्या कडांवर, क्रँककेसच्या जोडावर आणि मॅग्नेटोमागच्या सीलवर लावून बुडबुडे शोधावेत. क्लचच्या बाजूचा सील आत असतो. तिथली गळती गिअरबॉक्सच्या तेल भरायच्या भोकातून येणाऱ्या हवेवरून कळते. यानंतर तेवढीच उणी हवा ओढून चाचणी पुन्हा करावी, कारण काही सील दाबाखाली टिकतात पण ओढीला टिकत नाहीत.

ही चाचणी टाळून सुरू केलेले इंजिन बाहेरून हवा ओढते, मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते, एक्सलरेटर सोडला तरी वेग खाली येत नाही, आणि पूर्ण वेगात पिस्टन सीझ होतो. मॅग्नेटोच्या बाजूची गळती अशी लीन करते. क्लचच्या बाजूची गळती गिअरबॉक्सचे तेल ओढते आणि दाट पांढरा धूर देते.

कार्बोरेटर, सायलेन्सर आणि ठिणगी

या क्षमतेला २४ ते २८ मिलिमीटरचा कार्बोरेटर घ्यावा आणि मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) मूळ सिलिंडरच्या इंजिनात होता त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा लावावा. मोठ्या जेटने इंजिन अडखळते, पण वाचते. सुरुवातीला १ लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटर टू-टी तेल, म्हणजे १:२५ हे प्रमाण ठेवावे. तेल वाढवले की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण किंचित लीन होते, त्यामुळे प्रमाण बदलले की जेटही पुन्हा पाहावा.

सायलेन्सर हा टू-स्ट्रोकचा जोडभाग नसून इंजिनाचाच भाग आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेडच्या रेसिंग विभागात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात फुगीर एक्झॉस्टवर जे काम केले, त्यातून १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघू लागली. एक्झॉस्ट उघडल्यावर निघालेली दाबाची लाट मागच्या शंकूवर आपटून परत येते आणि पोर्ट बंद होण्याच्या सुमारास बाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. लांबीचा अंदाज असा: पोर्ट १८० अंश उघडा असेल आणि जास्तीत जास्त शक्ती ९००० आरपीएमला हवी असेल तर पोर्ट ३.३३ मिलिसेकंद उघडा राहतो. गरम वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरला तर ती तेवढ्या वेळात १.७२७ मीटर जाऊन-येऊन पूर्ण करते, म्हणून पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत सुमारे ८६ सेंटिमीटर अंतर हवे. पहिल्या इंजिनाला तयार सायलेन्सर निवडतानाही हे माप टेप लावून पाहावे. शेवटची बारीक नळी अरुंद करू नये, कारण ती अरुंद झाली की उष्णता सिलिंडरात साठते.

ठिणगीची वेळ १८ अंश आधी ठेवायची असेल तर आपल्या उदाहरणात पिस्टन टीडीसीच्या १.६४ मिलिमीटर खाली असतो. डायल गेज प्लगच्या भोकातून सरळ उभा बसवून ही खूण मॅग्नेटोवर करावी. वेळ अतिपुढे नेण्यापेक्षा एक-दोन अंश मागे ठेवणे पहिल्या दिवसांत बरे.

पहिली सुरुवात आणि रन-इन

इंजिन मोकळ्या जागेत, पक्क्या चौकटीत बसवून सुरू करावे. स्विच बंद करूनही हवेच्या गळतीमुळे इंजिन पळत सुटू शकते, अशा वेळी कार्बोरेटरचे तोंड जाड लाकडी फळीने झाकावे किंवा चोक पूर्ण ओढावा. हात लावू नये. सिलिंडर हाताला चांगला गरम लागेपर्यंत, वेग किंचित वरखाली करत चालवावे, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. असे दोन-तीनदा केल्यावर थंड अवस्थेत हेडचे आणि पायथ्याचे नट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळावेत. त्यानंतर हलक्या ओझ्यावर, एकाच वेगाला फार वेळ न थांबता आणि लांब उतारावर एक्सलरेटर पूर्ण बंद न करता चालवावे, कारण पेट्रोलबरोबरच तेलही बंद होते.

पहिल्या पेट्रोलच्या टाकीनंतर हेड आणि सिलिंडर उतरवून पिस्टन पाहावा. ट्रान्सफरच्या समोर माथ्यावर धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे आणि मध्ये तपकिरी-काळा थर असेल तर मिश्रण ठीक आहे. स्वच्छ पट्टे अर्धा माथा व्यापत असतील तर जेट एक पायरी कमी करावा. पट्टे जवळजवळ नाहीतच आणि माथ्याच्या खालच्या अंगाला काळा जळका डाग पडला असेल तर इंजिन लीन आहे किंवा फार तापते, तेव्हा जेट वाढवून ठिणगी एक-दोन अंश मागे घ्यावी. कडेला वाळूचे कण टोचल्यासारखे बारीक खड्डे म्हणजे ठोके बसल्याची खूण. दाबाचे प्रमाण कमी करावे किंवा ठिणगी मागे घ्यावी. पिस्टनच्या घेरावर चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर मोकळीक अपुरी आहे किंवा थंड इंजिनावर ओझे टाकले गेले आहे, आणि फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर आधी जेट आणि मगच मोकळीक तपासावी. रिंगची टोकेही भिंगाखाली पाहावीत; त्यांच्या कडेला चमकदार ठोक्याची खूण दिसली तर खिळीची रेषा पोर्टजवळून जाते आहे आणि तो पिस्टन बदलल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये.